दाराला कान लावून

वेन लाहती म्हणाला, "मी दाराला कान लावतो,"
आर्लिस म्हणाली, "फासा टाक,"
आणि तेवढ्यात वर टेलिफोन वाजला.

साल सत्त्याऐंशी. हिबिंगमध्ये उणे एकतीस.
रूडी झुपान्चिचच्या तळघरात भट्टी घरघरत होती,
ड्वेनच्या मिशीतलं बर्फ अजून वितळायचं होतं.
खाण निम्मी बंद.
ज्यांची नोकरी गेली ते लवकर यायचे,
ज्यांची राहिली ते उशिरा, थोडे ओशाळून.

लोकांना वाटतं खाण म्हणजे अंधार.
आमची खाण आभाळाखाली उघडी, तांबडी,
कुणी पृथ्वी चमच्याने खाल्ल्यासारखी.
भुयार आम्हाला मिळालं ते टेबलावरच:
चौकटीच्या कागदावर आर्लिसने पेन्सिलीने खणलेलं,
एक चौकोन म्हणजे दहा फूट.
शाळेत ती ग्रंथपाल, आवाज म्हणून चढवायची नाही.
तिचा ड्रॅगनसुद्धा हळू बोलायचा,
त्याचीच जास्त भीती वाटायची.

फासे स्वस्तातले, आकडे कोरलेले पण कोरे,
मेणाचा खडू घासून आपणच भरायचे.
माझ्या वीस बाजूंच्या फाशाचे कोपरे इतके झिजलेत
की तो थांबायचंच विसरतो,
गरगरत जातो पोटित्साच्या ताटलीपर्यंत
आणि सगळे माना लांबवून बघतात, काय दान पडलं.
टेबलाखाली पडलेलं दान धरायचं नाही.
दुसऱ्याच्या फाशाला हात लावायचा नाही.
कुठल्याच पुस्तकात नाहीत हे नियम.

वेन खाली आला तो कोट घालूनच.
अ‍ॅरिझोनात तांब्याच्या खाणीत काम, सोमवारपासून.
"येतो," म्हणाला.

मग पाद्रीबुवांनी प्रवचनात आमचा सैतान काढला.
टॉइवोच्या आईने त्याचे फासे पिठाच्या डब्यात लपवले,
इस्टरच्या पावात चार बाजूंचा एक सापडला,
तिच्याच दाताखाली.
लग्नं झाली, मुलं झाली, दोन बायपास.
ड्वेन अकरा वेळा मेला,
दर वेळी मेलेल्याचा भाऊ होऊन परत आला,
तीच कुऱ्हाड, तीच उधारी.
बाराव्या वेळी भाऊ आला नाही.
त्याची खुर्ची आम्ही हलवली नाही,
तिच्यावर कोट टाकतो.

किती दारं फोडली आम्ही, किती जाळली.
ते एक सोडून.
दर गुरुवारी आर्लिस हजेरी घेते,
शेवटी विचारते, "आणि वेनचा बुटका?"
कुणीतरी म्हणतं, "दाराला कान लावून उभा आहे."
मग डाव सुरू.

यंदा नोव्हेंबरात एक बाई जिना उतरून आली.
भाड्याची गाडी, पातळ कोट, उन्हात रापलेला चेहरा.
ब्रिटा लाहती. हातात प्लॅस्टिकमध्ये एक कागद,
प्राणांचे आकडे खोडून खोडून
त्या जागी भोक पडलेलं.
"बाबा मार्चमध्ये गेले.
शेवटी ऐकू येईनासं झालं होतं त्यांना.
तरी आम्ही बोलायला लागलो की हात वर करायचे,
गप्प बसा, ऐकू द्या."

कुणी काही बोललं नाही. रूडी उगाच भट्टीकडे गेला.
सत्याहत्तरीच्या आर्लिसने चष्मा पुसला,
खालच्या खणातून एक वही काढली,
पुठ्ठ्याचा आडोसा सरळ केला
आणि म्हणाली, "फासा टाक."

मी माझा दिला.
तो गेला, गेला, ताटलीला आपटून थांबला.
तीन.
त्या आडोशामागे दया करता येते,
प्रत्येक गेम मास्टर कधी ना कधी करतो.
आर्लिस आकड्याकडे पाहत राहिली, मग वहीकडे.
"काही ऐकू येत नाही," म्हणाली.

ब्रिटा हसली, की नाक ओढलं, कळलं नाही.
ड्वेनच्या खुर्चीवरचे कोट तिने उचलले,
ठेवायला जागा शोधली, मांडीवरच घेतले,
बसली.
"मग मी दार ढकलते."

"थांब, थांब," टॉइवो ओरडला,
"आधी सांगा, कंदील कुणाकडे आहे?"