आठ पायांच्या जनावराला पत्र्या

तेजलच्या वहीत आठ पायांचं जनावर आहे.
डोकं म्हशीचं, शेपूट कुणाचंच नाही.
चित्रकलेच्या मॅडमनी लाल पेनानं विचारलंय:
हे चालणार कसं?

म्हणून दोंडाईच्याच्या गुरांच्या बाजारात
मिरचीच्या ठसक्यानं शिंकत शिंकत
आम्ही मुसाचाचाकडे गेलो.
चाळीस वर्षं तो बैलांना पत्र्या मारतो,
म्हणजे चालणं त्यानं खालून पाहिलंय.

त्यानं वही उन्हात धरली.
"कितला पाय शेतस? आठ?
आते याले पाडानं कसं?"
बैलाचे चार पाय आवळले की तो गप पडून आभाळ बघतो.
याचे चार आवळले तर दुसरे चार उठतील
आणि बांधलेल्यांना फरपटत घरी नेतील.
शिवाय पोट आखूड काढलंस, पोरी.
मधले पाय पुढच्यांच्या टाचांत अडकणार.
लांबव जरा. नाहीतर मधले बाहेर फाकव,
जुन्या बाजेचे फाकतात तसे.

मग हातोडा ठेवून तो मातीत उकिडवा बसला,
दोन्ही अंगठे तळव्यांत दुमडले
आणि बोटं चालवू लागला.

उचल मागून निघायची,
बाजरीवरून वारा जावा तशी पुढे सरकायची.
मागचं बोट पुढच्याच्या ठशात पडायचं.
तीन हवेत, चार खाली.
"हाई पळाव नई," चाचा म्हणाला,
एकमेकांची वाट बघण्यातच याचा दिवस जाईल.
वळताना तर फजितीच:
आतले पाय जागच्या जागी टिपटिप,
बाहेरचे लांब ढांगा टाकत,
वरातीतले बँडवाले गल्लीत वळतात तसे.

तीन आणि चार.
तेजल माझ्याकडे बघायला लागली.

डाव्या हाताला करंगळी नव्हती.
कुठल्याशा यात्रेत एका गोऱ्ह्यानं घेतली,
एवढंच तो बोलला.
तिथे आलं की जनावर किंचित झुकायचं,
शेजारचं बोट जमिनीवर जरा जास्त रेंगाळायचं
आणि उचल तेवढी जागा ओलांडून जायची.

"किती घेशील चाचा, सगळ्या पायांचे?" मी उगाच विचारलं.
"बैलले आठ पत्र्या लागतस," तो म्हणाला,
"एका खुराले दोन. याले..."
आपल्या हातांकडे बघून हसला.
"चौदा."

येताना एसटीत तिनं खोडरबर मागितला.
निमगूळच्या फाट्यापर्यंत एक पाय पुसत होती,
कागद विरेपर्यंत.
मग लाल प्रश्नाखाली पेन्सिलनं लिहिलं:
हळू. मागून सुरू करून.