तिळाचं तेल

थंडीत औषध घट्ट होतं,
म्हणून रात्री नऊला अ‍ॅम्ब्रोज कुपी काखेत धरतो
आणि रेडिओवर उद्याच्या लाटांची उंची ऐकतो.
खेकड्यांच्या सापळ्यांनी चिरलेले त्याचे हात.
नर्सने त्याला संत्र्यावर टोचायला शिकवलं;
आठवडाभर टोपलीत
सलाईनने टच्च फुगलेली संत्री,
कुणी खाल्ली नाहीत.

आधी जाड सुई, ओढायला.
मग बारीक, माझ्यासाठी.
बारीक म्हणजे, तरी दीड इंच.
"श्वास सोड," म्हणतो,
आणि स्वतःचा रोखून धरतो.

प्रोजेस्टेरॉन, तिळाच्या तेलात.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला तीळ कुठला,
इथे खडक, शेवाळ, आणि उरलासुरला कॉड मासा.
कुठल्या उन्हातून आलेलं हे तेल
माझ्या कुल्ल्यांत गाठी होऊन बसतं,
डावीकडे सात, उजवीकडे नऊ.
चर्चच्या बाकावर मी एका कडेवर टेकते.
बर्निस विचारते, बर्फात पडलीस का गं?
हो म्हणते.

कागदावर छापलंय:
छाती दुखेल, मळमळेल, झोप येईल,
पोट फुगेल, उगाच रडू येईल.
म्हणजे दिवस गेल्यावर होतं
तेच सगळं.
औषध बाळाची नक्कल करतं.
गेल्या हिवाळ्यात मी ती खरी धरली,
पंधरा दिवस पोटाशी बोलत राहिले.
मग फोन आला, थांबवा म्हणाले,
आणि तिसऱ्या दिवशी सगळं वाहून गेलं.
उरलेलं तेल अ‍ॅम्ब्रोजने
शेडच्या बिजागरीत ओतलं.
वर्षभर ते दार
आवाज न करता उघडत राहिलं
आणि दर वेळी माझा जीव
तिळतिळ तुटला.

या खेपेला मी छातीवर विश्वास ठेवत नाही.
झोपेवर नाही. उलटीवर तर नाहीच.
पडद्यावर ठिपका धडधडला, तेव्हाही
म्हटलं, बघू.

दहावा आठवडा. नर्स म्हणते, पुरे आता,
वार आपलं काम शिकली.
शिकली?
कशावर शिकली? संत्र्यावर?

रात्रीचे नऊ. वारा वायव्येचा, लाटा तीन मीटर.
अ‍ॅम्ब्रोजची काख रिकामी,
हात तरी तसाच दाबलेला,
पंख दुखावलेल्या समुद्रपक्ष्यासारखा.
कुपीत बोटभर तेल आहे.
बाहेर शेडचं दार
पुन्हा कुरकुरायला लागलंय.

तो कुपीकडे बघतो.
मी म्हणते, राहू दे.
कुरकुरू दे त्याला.