मागच्या बाजूने

नावं मी उलटी वाचते.
कटरमधून आरशातली प्रत निघते,
काना अक्षराच्या आधी, वेलांटीचं तोंड भलतीकडे.
वेंगुर्ल्यातली अर्धी दुकानं
मला अशीच ओळखू येतात, पाठीकडून.

ॲक्रिलिकचा कागद सोलला की
घटकाभर त्याला कुणीच शिवलेलं नसतं.
साबणाचं पाणी फवारायचं,
फिल्म त्यावर तरंगत आणायची, होडी धक्क्याला आणतात तशी,
मग स्क्वीजी, मधून बाहेर, मधून बाहेर,
पाणी कडेनं निघून जाईपर्यंत.
एखादा बुडबुडा राहतोच.

गिऱ्हाईक विचारतं, किती वर्षं?
रोलच्या खोक्यावर सात छापलंय.
खोकं छापलं त्या गावाला समुद्र नसावा.
इथे खारा वारा आधी स्क्रू खातो,
मग गंज पांढऱ्यावर ओघळतो,
लाल रंग दुसऱ्या मे महिन्यात गुलाबी होतो.
म्हणून मी अक्षरं मागून लावते.
वाळू, मीठ, पोरांची नखं,
झेलू दे ॲक्रिलिकला पुढच्या अंगावर.
भोकंही दोन सूत मोठी पाडते,
शीट उन्हात वाढते, रात्री आक्रसते.
सात नाही, पाच धरा, मी सांगते,
आणि पाच भरली तर चहा पाजा.

इनास आल्मेडा चौथ्याच वर्षी आला.
"गे चेडवा, तुजी अक्षरां गेली."

शिडी लावली. बंदराकडे तोंड केलेली पाटी,
'आल्मेडा मरीन इंजिन, इनास आणि मुलगा',
खरंच धुक्यात गेल्यासारखी.
बोटानं पुसून बघितलं. धुकं हलेना.
चार स्क्रू, त्यातल्या दोघांना डोकीच नाहीत,
ग्रीस लावून, शिव्या देऊन काढले
आणि पाटी बाकड्यावर पालथी घातली.

मागून सगळं कालचं.
लाल ते लालच. कडा केसभर आत सरकलेल्या, बस.
उलट्या 'इनास'च्या पोटात माझाच एक बुडबुडा,
तोसुद्धा तेवढाच.

म्हणजे गेलं होतं ते पुढचं.
बारीक भेगांचं जाळं,
डावीकडे विरळ,
इंजिनाच्या चित्रावर जरा दाट,
आणि उजव्या टोकाला, शेवटच्या दोन शब्दांवर,
दुधावर साय धरावी तसं.

"कशान पुसतास?"
त्यानं खांद्यावरचं फडकं दाखवलं.
पेट्रोलचा वास मला शिडीवरच आला होता.
"रोज?"
"रोज. वारो मीठ हाडता ना."

सावियो कतारला गेला त्याला चार वर्षं झाली,
पाटी लागली आणि आठ दिवसांनी.
हे सगळ्या बंदराला ठाऊक.
मी काही विचारलं नाही.
तोच म्हणाला, पाटीच्या उजव्या टोकावर अंगठा ठेवून,
"मीठ हयसर जास्ती बसता."
"व्हय," मी म्हटलं,
"त्या कोनशाक वारो लागता."

नवी शीट कापली. फाइल जुनीच होती,
ती उघडून विचारलं, मजकूर तसाच ठेवू?
तो कोपरापर्यंत एका इंजिनात गेलेला,
मान वर न करता म्हणाला,
"तसोच ठेव. झील वायच मोठो कर."

पाटीसोबत फ्लॅनेलचं मऊ फडकं दिलं.
साधं पाणी, दाबायचं नाही,
पेट्रोल लावलंत तर मी जबाबदार नाही,
दोनदा सांगितलं, त्यानं दोनदा मान डोलावली.

परवा पहाटे मासळीला बंदरावर गेले.
फ्लॅनेल खिडकीत, घडी न मोडलेली.
इनास शिडीवर, उजव्या टोकाला.
वास ओळखीचा.

हाक मारली नाही.
दुकानात आले, वही काढली,
आणि त्याच्या नावापुढे
पाचाचे तीन केले.