कूस

थिन्झार म्यानमारची, मी जावाची.
तिची भाषा मला येत नाही, माझी तिला.
आमच्यामध्ये जी काय जपानी आहे
ती इथल्या, अकिताच्या म्हाताऱ्यांकडून उचललेली.
'हो' म्हणायचं तर पुस्तकातलं 'हाय' नाही,
'न्दा'.
हाताकेयामासान हसते,
पंचविशीतल्या पोरी
आणि भांडतात नव्वदीतल्यासारख्या.

भांडलोच.
सात नंबरच्या तक्त्यावर तिनं लिहिलं होतं,
जेवण पूर्ण.
आंघोळीआधी आजोबांचा सदरा काढताना
खिशातून माझ्या तळहातावर भात आला,
गार, गोळा झालेला, लोणच्याच्या लाल डागासकट.
मी वहीत नोंद केली.
नियमच आहे तसा.
जानेवारीत माझा व्हिसा संपत होता,
तेही आहे.

तिला ऑफिसात बोलावलं, दार लावून घेतलं.
बाहेर आली ती हातमोजे चढवत,
एक एक बोट नीट बसवत,
माझ्याकडे न बघता.
अकरा दिवस.

पण कुदोबाई एकीला हलत नाहीत.
दर दोन तासांनी कूस बदलायची,
नाहीतर पाठ सोलवटते.
अकरा, एक, तीन, पाच.
ती खिडकीच्या बाजूनं, मी दाराच्या,
चादरीचे काठ मुठीत गुंडाळून.
तोंड उघडावंच लागतं तेव्हा.
ती म्हणते 'से',
मी म्हणते 'नो',
आणि बाई वळतात.
अकरा दिवस आमच्यात हा एकच शब्द,
तोही अर्धा अर्धा.

बाराव्या रात्री कुदोबाईंनी डोळे उघडले.
"कुणाच्या सुना गं तुम्ही?"
"न्दा," थिन्झार म्हणाली.
ते काही त्याचं उत्तर नव्हतं.
मला हसू फुटलं,
तिचं मास्कमुळे कळलं नाही.

तीनच्या फेरीनंतर, लंगोटांची गाडी ढकलत,
माझ्याकडे पाठ करून ती बोलली.
"तो भात ते कुणासाठी तरी नेतात.
खोलीत गेल्यावर खातात स्वतःच,
विसरून.
मी बघितलंय. सगळा खातात."

मला हे माहीत नव्हतं.
माहीत होतं ते एवढंच की
माझ्या नोंदीनंतर त्यांना चमच्यानं भरवतात,
आणि सदऱ्याचा खिसा
हाताकेयामासाननं शिवून टाकलाय,
बारीक, सुबक टाके.

पाच वाजता ती म्हणाली 'से'.
माझा 'नो' मागे राहिला.
कुदोबाई अर्ध्यावरच, माझ्या मनगटावर,
उबदार, जड.

"पुन्हा," थिन्झार म्हणाली.