सडवा

माय म्हणाली, सडवा कायले नेतेस वो,
डुकरंबी दोन दिस फुगून रायतेत त्यानं.
मी डबा झाकला. कोरचीची एस.टी. नऊ दहाची.

कॉलेजात वाळवला, कुटला, चाळला: वीस ग्रॅम.
वर सत्तर भाग अल्कोहोल, तीस पाणी.
नुसत्या पाण्यात सगळं सुटत नाही,
नुसत्या अल्कोहोलातही नाही.
पहिल्या धारेत माय पाणी ओतते,
किती, ते तिचा हात ठरवतो.
मी कधी मोजलं नव्हतं.

अल्कोहोलची बाटली कुलपात.
वहीत लिहायचं: कुमरे रजुला, शंभर मिली, वेळ, कारण.
मायचंही नाव आहे एका वहीत, ठाण्यातल्या.
मोहसडवा, दोन मडकी, जागेवर नष्ट.
तिथं कारणाचा रकाना नाही.

रात्रभर भिजलं. गाळलं.
तांबूस काहीतरी उतरलं, उरलेल्या चहासारखं.
त्याचा थेंब जांभळ्या द्रावणात सोडायचा
आणि अर्धा तास अंधारात ठेवायचं.
मी दर पाच मिनिटांनी कपाट उघडत होते.
सर ओरडले. मग नाही उघडलं.

जांभळं गेलं होतं.
परीक्षानळीत पिवळं, फिकट,
चैतात पहाटे झाडाखाली असतं तेवढंच.

घरी मायनं रिकामा डबा हुंगला,
पुन्हा हुंगला.
तुह्या कालेजावर धाड नाई पडत का वो?
म्हणाली, आणि राखेनं घासायला बसली.