वेणी अर्धी ठेवून

आवाज म्हणावा असं काही नव्हतं ते.
काळजात लक्क झालं नाही, स्वप्न पडलं नव्हतं.
समोवार गुणगुणत होता
आणि कार्प बूट घालत होता, डावा आधी, नेहमीसारखा.
पेइप्सी सरोवरावर बर्फ दोन विती जाड.
शेजारचा येर्मोलाय पहाटेच गेलेला,
त्याच्या गाडीची फुगीर चाकं
खिडकीखालून धडधडत गेलेली मी ऐकली होती.
वारा पडलेला. गळाला पर्च लागण्याचा दिवस.

मी म्हटलं, आज नको.

का, त्यानं विचारलं,
आणि त्या का-पुढे ठेवायला
माझ्या घरात काही नव्हतं.
पीठ चाळताना खडा
दिसायच्या आधी बोटांना कळतो,
तेवढंच.

कारण सांगितलंस तर भांडता येईल, कार्प म्हणाला,
नाही सांगितलंस तर मी काय करू?
आणि त्यानं डावा बूट काढला.

संध्याकाळी येर्मोलाय परतला. धडधाकट.
दोन पोती पर्च, मिशीत बर्फ.
सरोवर तडकलं नव्हतं. धुकं उतरलं नव्हतं.
ताज्या तासलेल्या फळीसारखा लख्ख दिवस गेला होता.
त्यानं आमच्या उंबऱ्यावर चार मासे ठेवले,
घरी बसणाऱ्यांसाठी, म्हणाला,
आणि मग मार्चपर्यंत चाललं ते,
प्रार्थनाघराच्या पायरीवर, दुकानात:
अन्फिसाला विचारा बरं, आज पाव घ्यावा का!

मी चारही मासे तळले.
चांगले लागले.

हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.
एका वर्षी बर्फ लवकर धरला होता,
कांदे विणायचे राहिले होते अजून.
मी कोठीत बसले होते, पायाशी टोपल्या,
आणि माझा भाऊ साव्वाती दारातून डोकावला:
येतो जाऊन, सुरी दे.
तेव्हाही तसंच. पिठातला खडा.
वाटलं, थांब म्हणावं.
पण हातात वेणी होती, सत्तावीस कांदे झाले होते,
तीनच उरले होते,
सोडली असती तर सगळी उसवली असती.
म्हटलं, एवढी पुरी करते, मग हाक मारते.
सुरी दिली.
पदराला पुसून दिली.

तीन कांद्यांना किती वेळ लागतो
ते मी पुढे मोजून पाहिलंय.
जपमाळेच्या चाळीस गाठी.
तेवढ्यात माणूस किनारा सोडतो,
लव्हाळ्यांच्या पलीकडे जातो,
आणि पलीकडे नुसतं पांढरं,
रशियाचा किनारा असतो म्हणतात, दिसत नाही.

कारणं आली ना. आली सगळी.
नदीच्या मुखाशी बर्फ पातळ असतो,
आदल्या रात्री वारा फिरला होता,
हातात कंदील घेऊन गावभर जमली,
एकमेकांना समजावून सांगत.
कारणं नेहमी अशीच येतात,
लंगडत, काठी टेकत, मागून.

त्या वेणीतले कांदे आम्ही खाल्ले. काय करणार.

म्हणून येर्मोलाय हसतो तेव्हा मी हसते.
त्या लख्ख दिवसानं
कार्पला परत केलं की नुसतं घरी बसवलं,
हे मला कधीच कळणार नाही,
आणि न कळणारं असं पुष्कळ काही
आता रोज जेवायला माझ्या टेबलाशी बसतं.
बसू दे. जागा आहे.

काल पुन्हा वाटलं.
बर्फ नाही, सरोवर नाही, सप्टेंबरचं ऊन,
मी कांदे विणत होते, एकोणीस झाले होते,
आणि उगाच मनात आलं: उस्तिन्याकडे जावं.
काम नव्हतं काही. मीठही होतं घरात.
वेणी तशीच टाकून उठले.
मागे कांदे सुटून फरशीवर गडगडल्याचा आवाज आला,
वळून पाहिलं नाही.

उस्तिन्यानं दार उघडलं. काय हवंय, म्हणाली.
माहीत नाही, मी म्हटलं. चहा ठेव.
ती दाराची कडी धरून
जरा जास्तच वेळ उभी राहिली,
आणि मग बाजूला झाली.