बेअरिंग

पायाशी पेडल आहे.
एकदा दाबलं की ऐकतं,
पुन्हा दाबलं की ऐकलेलं सांगत बसतं
आमच्या वाकडच्या आत्यासारखं,
दर वेळी तेच, तितक्याच उत्साहानं.
अकरा सेकंदांचा फेरा.
त्यावर दुसरा थर, मग तिसरा:
तारेवर घासलेलं पाच रुपयांचं जुनं जाड नाणं,
पंख्याची कुरकुर,
खाली कुणीतरी ओढत नेलेला गॅसचा सिलिंडर.
सातव्या थरानंतर
यात गिटार कुठली ते मलाही सांगता येत नाही.

पूर्वी आम्ही चौघं होतो.
ड्रमवर खडकीचा ऑगस्टीन,
सातच्या हिशोबात वाजवायचा
आणि मध्येच एक मात्रा खिशात घालायचा.
बावीस मिनिटांचं एक गाणं होतं आमचं.
गॅदरिंगला दहाव्या मिनिटाला माईक बंद झाले,
आम्ही उरलेली बारा मिनिटं तशीच वाजवली.
ऑगस्टीन आता विमा विकतो.
हप्ते समजावताना त्याची बोटं टेबलावर सातात चालतात म्हणे.
कीबोर्डवाली श्रीलेखा मेलबर्नला.
कौस्तुभचं काय झालं ते कुणी विचारत नाही.
चौघांचं काम एकटीनं करायचं तर
स्वतःलाच पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं.

बाबा भोसरीत फिटर. एकतीस वर्षं.
मशीनच्या पोटाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचे,
त्याची मूठ कानाशी,
आणि डोळे मिटून सांगायचे,
"मागचं बेअरिंग. आठवडाभर काढेल."
ते आठवडाभरच काढायचं.
शेजारी दोनशे टनांचा प्रेस.
कंपनीनं दिलेले कानात घालायचे नारिंगी बोळे
खिशातून घरी यायचे,
माझ्या बाहुलीच्या डोक्याखाली उशी म्हणून.
डावा कान त्यांनी तिथंच ठेवला.

मागच्या महिन्यात कॅसेट काढली. चाळीस प्रती.
नळ स्टॉपमागच्या एका तळघरात वाजवली.
अकरा माणसं. चौघं उठून गेली.
एक काका शेवटपर्यंत बसले,
चष्मा पुसत म्हणाले,
"तुमचं साऊंड चेक उत्तम झालं.
कार्यक्रम किती वाजता?"

घरी बाबांना ऐकवली.
उजवा कान स्पीकरकडे करून बसले.
चहावर साय धरली.
दुसऱ्या बाजूला, जिथं सगळा आवाज
स्वतःलाच चावायला लागतो,
तिथं त्यांनी हात वर केला.
"थांब. हे बेअरिंग गेलंय."
बाबा, ते मुद्दाम आहे.
"मुद्दाम असेल. गेलंय ते गेलंय.
पण चालू दे.
बरं वाटतंय. कुणी बदलायची घाई करत नाहीये."

मग बऱ्याच वेळानं,
लाइट बिल भरायचं राहिलंय हे सांगावं तसं:
"माझ्या डाव्या कानात एक वाजतं.
रात्रंदिवस. रिटायर व्हायच्या आधीपासून."
कसं?
त्यांनी गुणगुणून पाहिलं. जमेना.
दातांच्या फटीतून शीळ काढली, बारीक.
मी तार पिळत गेले.
वर. अजून वर. नाही, थोडी खाली.
काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मध्ये,
जिथं पेटीला जागाच नाही.
"हां. तिथं."
पेडल दाबलं.
रात्रभर तो एकच सूर फिरत ठेवला,
आईनं दार लावून घेतलं,
आणि बाबा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा,
आपल्या कानातलं
दुसऱ्या कुणाबरोबर ऐकत बसले.

आज गुरुवार. भोसरीला सुट्टी,
आमच्याकडे वीज नाही.
अ‍ॅम्प थंड. फेरा पुसला गेला,
मी सेव्ह केला नव्हता.
फ्रिज गप्प. पंखा गप्प.
बाबा गॅलरीत पेपर वाचताहेत.
"गेला का तुझा सूर?"
गेला.
"थांब," म्हणाले, "माझ्याकडे आहे."
पेपरची घडी घातली,
चष्मा काढून तिच्यावर ठेवला
आणि ओठ ओले केले.